बंबाची जाळी

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्ग सुटला. पाट्या-वह्या आवरून झाल्या. तेव्हा एक बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आमचा तांब्याचा बंब मोडीत काढायचा म्हणतेय. भंगारवाला दाराशी येऊन गेला. जाळी तुटलीय, आणि ती कुठंच मिळत नाही." मी म्हटले, "बाई, आठ दिवस थांबा. पुढच्या वर्गाला मी त्यावरच बोलतो." त्या बाई आज पुढेच बसल्या आहेत. तेव्हा आजचा आपला विषय असा : जुना बंब आणि जुनी चूल यांचे सुटे भाग कसे मिळवायचे.

विषय लहान वाटेल. पण ह्या लहान जाळीपायी माझ्या घरी काय घडले, ते ऐकलेत म्हणजे कोणी तो लहान म्हणणार नाही.

आधी बंबाची ओळख करून घेऊ. रोज पाहिलेली वस्तू आपण नीट पाहिलेली नसते. बंब म्हणजे तांब्याची गोल टाकी. तिच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक नळकांडे जाते. त्या नळकांड्यात जाळ असतो आणि सभोवती पाणी असते. जाळ पाण्याच्या पोटात असल्यामुळे थोड्या लाकडात पाणी लवकर तापते. नळकांड्याच्या तळाशी बिडाची जाळी असते. निखारे तिच्यावर राहतात. राख खाली पडते, आणि खालून वारा वर येतो. पाणी ओतायला नसराळे असते. पाणी घ्यायला पितळेची तोटी असते. नळकांड्याच्या तोंडावर टोपी असते. खाली तीन पाय असतात. झाला बंब.

ह्यांतले प्रत्येक अंग आपापले काम करते. जाळी नसली तर काय होते? निखारे खाली पडतात आणि राखेत दबून जातात. खालचा वारा बंद होतो. मग लाकूड जळत नाही, ते नुसते धुमसते. हे "धुमसणे" फार वाईट. का ते सांगतो.

2005 सालचा पावसाळा. आषाढ चालू होता. त्या वर्षी 26 जुलैला मुंबईत महापूर आला होता, ते तुम्हांला आठवत असेल. आमच्या लोणावळ्याला पाऊस काही नवा नाही. पण त्या दिवसांत घाटात दरडी पडल्या, आगगाड्या बंद झाल्या, आणि आमच्याकडे वीजही नव्हती. आमच्या बंबाची जाळी पावसाळ्याच्या तोंडीच तुटली होती. मी शिकलेला माणूस, शाळेचा हेडमास्तर. मी काय केले? पत्र्याचा एक तुकडा घेतला, त्याला खिळ्याने चार भोके पाडली, आणि जाळीच्या जागी बसवला. म्हटले, काम भागले.

एरवी आमचा बंब मागच्या पडवीत असे. त्या दिवशी पडवीत पाण्याची झड येत होती. म्हणून मी पेटलेला बंब उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवला. थंडी वाजते म्हणून खिडकी लावून घेतली. माझी आई सत्तरीची. ती आत आंघोळीला गेली आणि तिने दार लोटून घेतले.

पंधरा मिनिटे झाली, वीस मिनिटे झाली. आतून तांब्याचा आवाज येईना. माझी बायको म्हणाली, "अहो, आत्याबाईंचा आवाज येत नाही. बघा तरी." मी हाक मारली. उत्तर नाही. दार ढकलले, तर आई भिंतीला टेकून बसलेली, मान कलती झालेली. आत धूर म्हणावा तर फारसा नव्हता. आम्ही दोघांनी तिला उचलून बाहेर पडवीत आणले. पावसाचे पाणी तोंडावर आले, वारा लागला, तेव्हा थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. मग तिला उलटी झाली. डोके ठणकत होते. दिवसभर ती नीट बोलली नाही.

डॉक्टर आले. त्यांनी सगळे विचारून घेतले आणि मला म्हणाले, "मास्तर, अजून दहा मिनिटं गेली असती तर मला बोलावून उपयोग नव्हता." मंडळी, मी मुलांना विज्ञान शिकवत होतो. त्या दिवशी मला मान वर करता आली नाही.

आता ते विज्ञान ऐका. लाकूड नीट जळले, भरपूर वारा मिळाला, तर त्यातून जो वायू निघतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. वारा कमी पडला, लाकूड धुमसले, की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू जास्त निघतो. त्याला रंग नाही आणि वास नाही. तो श्वासातून रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. माणसाला आधी डोके दुखते, मग चक्कर येते, मळमळते, मग झोप आल्यासारखे वाटते. आणि त्या झोपेतून पुष्कळ जण उठत नाहीत. असे कोणाला झाले तर पहिले काम म्हणजे दारे-खिडक्या उघडणे आणि त्या माणसाला मोकळ्या हवेत आणणे. दुसरे काम म्हणजे 108 क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलावणे. लिंबूपाणी देत बसू नये.

म्हणून पहिला नियम पाठ करा. पेटता बंब, शेगडी, चूल बंद खोलीत कधीही ठेवायची नाही. जाळी चांगली असली तरी ठेवायची नाही. पाणी बाहेर तापवावे आणि बादलीने आत न्यावे.

असो. आई बरी झाली. मग मी ठरवले, की जाळी आणल्याशिवाय बंब पेटवायचा नाही.

लोणावळ्याच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, बंब आता कोण वापरतंय? नाही ठेवत." कामशेतला गेलो, तिथेही तेच. मग लोकलने पुण्याला गेलो. शिवाजीनगरला उतरून कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. ही तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची जुनी वस्ती. तिथल्या एका वृद्ध तांबटाने विचारले, "माप काय?" मी दोन्ही हातांनी हवेत गोल करून दाखवला. तो हसला. म्हणाला, "एवढी म्हणजे केवढी? माप घेऊन या."

दुसऱ्या खेपेला मी दोरा नेला. नळकांड्याच्या तोंडावर दोरा ताणून गाठी मारल्या होत्या. तांबटाने तो दोरा ओढून पाहिला. ओढला तसा वाढला. "हा कापसाचा दोरा. तुमच्या घरी एक माप, माझ्या घरी दुसरं," असे म्हणून त्याने तो परत दिला.

तिसऱ्या खेपेला मी शहाणा झालो होतो. जाळी जिथे टेकते त्या तोंडावर जाड कागद धरला. वरून कोळसा घासला. कडेचा गोल कागदावर उमटला. तो कात्रीने कापला. मग पट्टीने आडवे माप घेतले आणि कागदावरच लिहिले : 7 इंच. तुटक्या जाळीचे दोन्ही तुकडेही पिशवीत घातले. तांबटाने तो कागद पाहिला मात्र, उठला, मागच्या ढिगात शोधले आणि एक जुनी जाळी काढली. ती किंचित मोठी होती. माझ्या कागदावर ठेवून त्याने ती कडेने कानशीने घासली. अर्ध्या तासात काम झाले. जो माणूस दोनदा "नाही" म्हणाला होता, त्याच्याच ढिगात ती जाळी पहिल्या दिवसापासून होती. माझ्याजवळ माप नव्हते, एवढेच.

मंडळी, सुटा भाग न मिळण्याचे निम्मे कारण दुकानात नसते. ते आपल्या पिशवीत असते. आपल्याला काय हवे हे नेमके सांगता येत नाही. आणि नेमके सांगायला माप घेता आले पाहिजे, ते लिहिता आले पाहिजे. तुम्ही ह्या वर्गाला येता ते ह्यासाठीच.

आता मापाच्या दोन-चार खाचाखोचा सांगतो.

पहिली गोष्ट इंच आणि मिलिमीटर यांची. आपल्याकडे मापांचा नवा कायदा 1956 साली झाला, आणि 1958 पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे आजीच्या वेळचा बंब इंचात घडवलेला असतो, आणि आजचा दुकानदार मिलिमीटरमध्ये बोलतो. 1 इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. म्हणून 7 इंच म्हणजे सुमारे 178 मिलिमीटर. चिठ्ठीवर दोन्ही मापे लिहावीत.

दुसरी गोष्ट. लोखंड तापले की फुगते. गाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो, ती तापवूनच चढवतो ना? तेच इथे. जाळी तोंडात अगदी घट्ट बसवली तर तापल्यावर तिला फुगायला जागा राहत नाही. मग ती तरी तडकते, नाहीतर नळकांड्याला बाक आणते. म्हणून तोंड 178 मिलिमीटरचे असेल तर जाळी 174 मिलिमीटरची करावी. टेकायला कड मात्र पुरेशी असली पाहिजे, नाहीतर जाळी खाली पडेल.

तिसरी गोष्ट. बीड ओतून नवी जाळी करून घ्यायची असेल, तर जुनी जाळी नमुना म्हणून देऊन भागत नाही. ओतलेले बीड गार होताना आकसते. शंभरात सुमारे एक भाग कमी होते. म्हणून ओतकाम करणाऱ्याला जुनी जाळीही द्यावी आणि तोंडाचे मापही लिहून द्यावे. पुढचे तो जाणतो.

बीड मिळाले नाही तर? तर वेल्डिंगवाल्याकडून सळईची जाळी करून घ्यावी. वडगाव, तळेगाव, कामशेत, सगळीकडे खिडक्यांचे गज करणारे आहेत. 10 किंवा 12 मिलिमीटरची सळई, मध्ये बोट जाईल एवढी फट. ही जाळी बिडाइतकी टिकत नाही. रोजच्या जाळाने ती वाकते आणि झिजते. पण अडलेले काम निघते.

एक गोष्ट मात्र करू नका. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, जाळी किंवा नळ जाळात घालू नका. जस्त 419 अंशांवर वितळते आणि निखारा त्याहून पुष्कळ तापलेला असतो. त्या जस्ताचा धूर अंगात गेला तर थंडी वाजून ताप येतो. मी बसवलेला तो भोकाचा पत्राही तसलाच होता. एकाच तुकड्यात मी दोन चुका केल्या होत्या!

आता तोटीकडे वळू. तोटी गळते म्हणून पुष्कळ लोक बंब टाकून देतात. कित्येकदा आतला वायसर तेवढा गेलेला असतो. तो गरम पाण्याला टिकणारा मागून घ्यावा. साधा रबराचा वायसर लवकर मऊ पडतो. तोटी बदलायचीच असेल तर जुनी तोटी सोडवून बरोबर न्यावी. तोंडी माप सांगू नये. कारण सांगतो. दुकानात ज्याला अर्धा इंची म्हणतात त्या नळाच्या आट्यांचे बाहेरचे माप अर्धा इंच नसते. ते जवळजवळ 21 मिलिमीटर भरते. "अर्धा इंच" हे त्याचे नाव आहे, माप नव्हे. पट्टी लावून बाहेरचे माप सांगितलेत तर दुकानदार भलतीच तोटी देईल. शिवाय जुन्या बंबांचे आटे कधी कधी आजच्या आट्यांशी जुळतच नाहीत. अशा वेळी नवी तोटी जोराने पिळून बसवू नये, तांब्याचे आटे मरतात. लेथवाल्याकडे जावे. तो मधला पितळी तुकडा कातून देतो. एका बाजूला जुने आटे, दुसऱ्या बाजूला नवे.

तिसरे दुखणे म्हणजे सांध्यातून पाझर. ह्याला तांबट डाग देतो. डाग दोन तऱ्हेचे असतात. एक कथलाचा डाग. तो थोड्या उष्णतेने लागतो आणि थोड्या उष्णतेने सुटतोही. दुसरा पितळेचा पक्का डाग. त्याला भट्टीची आच लागते, पण तो जाळाला टिकतो. बाहेरच्या अंगाला, जिथे आत पाणी असते, तिथे कथलाचा डाग चालतो. नळकांड्याला जाळाच्या बाजूने पक्काच डाग हवा. कारागिराला आपण स्पष्ट विचारावे, "पक्का देणार ना?"

आणि हा पाझर मुळात होतो कशाने? बहुतेक वेळा आपल्याच आळसाने. तांबे वितळते 1085 अंशांवर. लाकडाच्या जाळाने ते सहसा वितळत नाही. पण आत पाणी असते तोवरच सांधे थंड राहतात. बंब रिकामा पेटवला, किंवा पाणी उपसत गेलो आणि भर घातली नाही, की डाग सुटतो. म्हणून दुसरा नियम : आधी पाणी, मग पेटवण. एक बादली काढली की एक बादली ओतायची.

आता चुलीविषयी. आपल्या नाणे मावळात, पवन मावळात, आंदर मावळात अजून पुष्कळ घरी चूल पेटते. काही घरांत धुराड्याची निर्धूर चूल आहे. ह्या चुलीचा विचार आपल्या देशात जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम चाले. तिथली मगन चूल प्रसिद्ध झाली. पुढे 1983 साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. 2002 साली केंद्राने तो कार्यक्रम थांबवला. पुण्याला डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनेही सुधारित चुलींचे काम केले. त्यांच्या 'लक्ष्मी' चुलीसाठी साचे केलेले होते. साच्याचा फायदा असा, की दहावी चूलही पहिलीसारखीच होते आणि भाग एकमेकींना लागतात.

पण योजना संपली की तिची माणसे पांगतात. चूल बसवणारा दुसऱ्या कामाला लागतो. धुराड्याची टोपी वाऱ्याने उडते. पाऊस आत येतो. मग घरची बाई वैतागून धुराड्याच्या भोकात चिंधी कोंबते, आणि निर्धूर चूल पुन्हा धुराची होते. मी अशा चुली पाहिल्या आहेत. दोष त्या बाईचा नाही. टोपी कशी करून घ्यायची हे तिला कोणी सांगितले नाही.

टोपी साधी असते. पत्र्याचे छत्रीसारखे झाकण, आणि खाली तीन पट्ट्या. डबे करणारा कारागीरसुद्धा ती करतो. इथे वर जाळ पोचत नाही, म्हणून पत्रा चालतो. माप धुराड्याच्या बाहेरच्या गोलाचे घ्यावे. नळ आणि छत्री यांच्यामध्ये चार बोटे तरी मोकळी जागा ठेवावी, नाहीतर धूर कोंडतो. नळ छपराच्या चांगला वर काढावा. महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून आतली काजळी काढावी. आपल्या मावळच्या पावसात लाकूड ओले असते आणि काजळी जास्त धरते, म्हणून पावसाळ्यात पंधरा दिवसांनी काढावी.

एक इशारा. जुन्या चुलींचे नळ पुष्कळदा सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे असतात. ते करवतीने कापू नका, फोडू नका, घासू नका. त्यांची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वर्षांनी रोग करते. फुटका नळ ओला करून, तोंडाला फडके बांधून, अखंड काढावा आणि मुलांच्या खेळण्यात येऊ देऊ नये.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आता गॅस आला, विजेचा गीझर आला. तुम्ही जुन्या बंबाचं काय घेऊन बसलात?" बरोबर आहे. 2016 साली उज्ज्वला योजना निघाली, गरीब घरांतही गॅस गेला. ही फार चांगली गोष्ट झाली. ज्याला परवडेल त्याने स्वयंपाक गॅसवरच करावा. बाईच्या डोळ्यांची आणि छातीची किंमत सिलिंडरहून जास्त आहे. मी धुराची तरफदारी करायला उभा नाही. पण सिलिंडर संपतो. वीज जाते. पाच माणसांच्या आंघोळीचे पाणी गॅसवर तापवणे सगळ्यांना जमत नाही. तेव्हा लाकूड पेटतेच. आणि ज्या घरी लाकूड पेटते, त्या घरी ते नीट पेटले पाहिजे. तुटक्या बंबाने माझी आई जात होती. नीट केलेल्या बंबाचे पाणी पडवीत तापवून तीच आई पुढे नऊ वर्षे सुखाने न्हाली.

आता ह्या पुढे बसलेल्या बाईंसाठी, आणि तुम्हा सर्वांसाठी, मी फळ्यावर एक चिठ्ठी लिहितो. ती सगळ्यांनी मोठ्याने वाचा, आणि मग वहीत उतरवून घ्या. माप ज्याचे त्याने आपल्या बंबाचे घालावे.

"बंबासाठी बिडाची जाळी हवी. आकार गोल. जाळी बसते त्या तोंडाचे आडवे माप 7 इंच, म्हणजे 178 मिलिमीटर. जाळी 174 मिलिमीटरची करावी. सोबत कागदाचा नमुना आणि जुने तुकडे दिले आहेत. किंमत आणि तयार होण्याचा दिवस ह्याच चिठ्ठीवर लिहून सही करावी."

शेवटचे वाक्य विसरू नका. कारागीर चांगला असतो, पण त्यालाही दहा कामे असतात. लिहिलेले असले म्हणजे त्यालाही आठवते आणि आपल्यालाही बोलता येते.

आणि बाई, तुम्हांला एक सांगतो. भंगारवाला तांब्याचे वजन करतो. त्याच्या तराजूत तुमच्या सासूबाईंची आठवण भरत नाही, आणि पुढच्या पन्नास वर्षांचे पाणीही भरत नाही. बंब विकायचाच झाला तर जरूर विका, तो तुमचा आहे. पण आधी कागद घ्या, कोळसा घासा, माप लिहा. ती चिठ्ठी घेऊन एकदा पुण्याला जाऊन या. नाहीच मिळाली जाळी, तर मग भंगारवाला कुठे पळून जात नाही.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपली चूल आणि आपला बंब विझलेला असताना वाकून आत पाहावा. जाळी तुटली आहे का, टोपी आहे का, सांधा ओला आहे का. जे दिसेल ते तीन ओळींत लिहून पुढच्या वर्गाला आणावे. शुद्धलेखनाची चूक झाली तरी चालेल. मापाची चूक करू नका.